शालेय कर्जरोख्यांचे मतदान (अमेरिका)

अमेरिकेतील सरकारी शाळांच्या इमारती बांधण्यासाठी, वाढवण्यासाठी किंवा त्यांची मोठी दुरुस्ती करण्यासाठी कर्ज काढावे की नाही, यावर स्थानिक मतदारांचा कौल घेण्याची पद्धत. बहुतेक राज्यांत अशी मंजुरी कायद्याने आवश्यक आहे. कौल अनुकूल लागला की शाळा-जिल्हा दीर्घ मुदतीचे रोखे विकून एकदम मोठी रक्कम उभी करतो. ती व्याजासह फेडण्यासाठी त्या भागातील घरे, दुकाने आणि जमिनी यांच्या मालमत्ता करात वीस-तीस वर्षे वाढीव आकारणी होते. थोडक्यात, शाळेचे छप्पर गळत असेल तर ते बदलायचे की नाही हे निवडणुकीच्या दिवशी ठरते.

शाळा-जिल्हा हा महसुली जिल्हा नव्हे. शाळा चालवणे एवढ्याच कामासाठी स्थापलेली ती स्वतंत्र स्थानिक संस्था असते. तिची हद्द शहराच्या हद्दीशी जुळेलच असे नाही. बहुतेक ठिकाणी तिचा कारभार लोकांनी निवडून दिलेले मंडळ पाहते आणि मंडळ नेमलेला अधीक्षक तो प्रत्यक्ष चालवतो. देशात असे सुमारे १३ हजार जिल्हे आहेत. काहींत एकच शाळा असते, लॉस एंजेलिसमध्ये शेकडो, तर हवाईमध्ये सगळे राज्य मिळून एकच जिल्हा आहे.

शिक्षकांचे पगार, पुस्तके आणि वीजबिल या रोजच्या खर्चात राज्य सरकारे मोठा वाटा उचलतात. इमारतींचा भार मात्र मुख्यतः स्थानिक करदात्यांवरच राहिला आहे आणि केंद्र सरकारची मदत नाममात्र असते. परिणामी इमारतींची अवस्था गावागणिक बदलते. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २०२० साली दिलेल्या अहवालानुसार सुमारे ४१ टक्के जिल्ह्यांना आपल्या निम्म्या किंवा अधिक शाळांतील हवा खेळती, गरम आणि थंड ठेवणारी यंत्रणा बदलण्याची किंवा सुधारण्याची गरज होती. अशा शाळांची संख्या ३६ हजारांच्या घरात जाते.

मंजुरीसाठी किती मते लागतात हे राज्यागणिक वेगळे आहे. टेक्ससमध्ये साधे बहुमत पुरते. वॉशिंग्टन राज्यात ६० टक्के मते लागतात, शिवाय मतदानाची एक किमान पातळी गाठावी लागते. आयडाहोमध्ये दोन-तृतीयांश मतांची अट आहे. तिथे शंभरांतल्या चौसष्ट जणांनी होकार दिला तरी शाळेला नकारच मिळतो. मॅसॅच्युसेट्सने १९८० साली मालमत्ता करवाढीला वार्षिक मर्यादा घातली. त्यामुळे शाळेच्या कर्जाची फेड त्या मर्यादेबाहेर ठेवायची असेल, तर तेवढ्यापुरते वेगळे मतदान घ्यावे लागते.

या पद्धतीचे सर्व गुणदोष एकाच ठिकाणी पाहायचे तर कॅलिफोर्नियाकडे पाहावे. १८७९ च्या राज्यघटनेपासून तिथे स्थानिक कर्जासाठी दोन-तृतीयांश मतांची अट होती. ६ जून १९७८ रोजी मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ हा प्रस्ताव मंजूर केला आणि मालमत्ता कर करपात्र मूल्याच्या एक टक्क्यावर बांधला गेला. घर विकले जात नाही तोवर हे मूल्य वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. कर्जफेडीसाठी जादा कर लावण्याची वाटही त्याच फटक्यात बंद झाली. १९८६ मध्ये ती पुन्हा उघडली, पण दोन-तृतीयांशांची अट कायम राहिली. मधल्या काळात वाढत्या पटाला जागा पुरवण्यासाठी मैदानांवर पत्र्याच्या तात्पुरत्या वर्गखोल्या उभ्या राहिल्या. ट्रकवरून आणून ठेवायच्या, पुढे लाकडी उतार जोडायचा आणि भिंतीत घरघरणारे वातानुकूलन यंत्र बसवायचे. १९९६ मध्ये राज्याने खालच्या इयत्तांची पटसंख्या कमी करण्याची योजना आणली तेव्हा या खोल्यांना पूर आला. ‘तात्पुरत्या’ म्हणून आलेल्या अनेक खोल्यांत पुढे मुलांच्या दोन पिढ्या शिकल्या.

मार्च २००० मध्ये साध्या बहुमताचा प्रस्ताव मतदारांसमोर आला आणि थोडक्यात पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘प्रपोझिशन ३९’ ने दोन-तृतीयांशांची अट ५५ टक्क्यांवर आणली. गंमत अशी, की या प्रस्तावाला स्वतःला ५३ टक्क्यांच्या आसपासच मते मिळाली होती. शाळांवर त्याने जी अट घातली ती त्यालाच पार करता आली नसती. सवलतीच्या बदल्यात बंधने आली. कोणती कामे करणार त्याची यादी आधी जाहीर करायची. पैसा पगारावर खर्चायचा नाही. दरवर्षी आर्थिक आणि कामगिरीचे लेखापरीक्षण करायचे. खर्चावर लक्ष ठेवण्यासाठी नागरिकांची स्वतंत्र समिती नेमायची. एका मतदानातून येणाऱ्या करालाही कमाल मर्यादा आहे. पहिलीपासून बारावीपर्यंतच्या शाळा चालवणाऱ्या संयुक्त जिल्ह्यात ती करपात्र मूल्याच्या दर लाख डॉलरमागे वर्षाला ६० डॉलर आहे.

मतदाराच्या हाती पडणारा मजकूर जेमतेम ७५ शब्दांचा असतो. त्यात कर्जाची रक्कम, कराचा दर, मुदत आणि कामांचा गोषवारा बसवायचा असतो. गळकी छपरे, जुनी वायरिंग, शिशाचे नळ, विज्ञान प्रयोगशाळा आणि सुरक्षित कुंपण हे या मजकुरातले नेहमीचे मानकरी. शब्दयोजना बहुधा सल्लागार संस्थांकडून घासूनपुसून घेतलेली असते आणि त्याआधी जनमत चाचणीही झालेली असते. जिल्ह्याला सरकारी पैशातून प्रचार करता येत नाही, फक्त निःपक्ष माहिती देता येते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली उद्यानांच्या रोख्यांसंबंधीच्या एका खटल्यात ही रेघ आखून दिली. त्यामुळे प्रचारासाठी पालक आणि शिक्षक यांची वेगळी समिती उभी राहते. तिला देणग्या देणाऱ्यांत वास्तुविशारद, बांधकाम कंपन्या आणि रोखे विकून देणाऱ्या वित्तसंस्था हटकून आढळतात. रोखे मंजूर झाले तर काम त्यांनाच मिळण्याचा संभव असतो, हे विरोधक दर निवडणुकीत निदर्शनास आणतात. आक्षेप रास्त आहे.

मंजुरीनंतरही काम लगेच सुरू होत नाही. कॅलिफोर्नियातील १० मार्च १९३३ च्या लाँग बीच भूकंपात अनेक शाळा कोसळल्या. धक्का संध्याकाळी सहाच्या सुमारास बसला म्हणून वर्ग रिकामे होते. महिन्याभरातच फील्ड कायदा झाला आणि शाळांचे आराखडे राज्याच्या वास्तुविशारद विभागाकडून तपासून घेणे बंधनकारक ठरले. मोठे नूतनीकरण निघाले की अपंगांसाठीचे उतार, स्वच्छतागृहे आणि आगीची सूचना देणारी यंत्रणाही आजच्या नियमांत आणावी लागते. त्यामुळे सुरक्षितता वाढली आहे, तसा खर्च आणि वेळही.

लॉस एंजेलिसच्या जिल्ह्याने १९९७ पासून एकामागून एक रोखे मंजूर करून घेतले. त्यांतला अलीकडचा, नोव्हेंबर २०२४ चा प्रस्ताव ९ अब्ज डॉलरचा होता. १९९७ पासूनच्या या रोख्यांच्या पैशांतून १३० हून अधिक नव्या शाळा उभ्या राहिल्या. जागेअभावी पाळीपाळीने वर्षभर शाळा भरवण्याची वेळ आली होती, ती टळली. याच काळात वादही झाले. रॉबर्ट केनेडी यांच्यावर १९६८ मध्ये जिथे गोळ्या झाडल्या गेल्या त्या अँबॅसडर हॉटेलच्या जागी २०१० साली त्यांच्या नावाचे शाळासंकुल उघडले. त्यावर ५७.८ कोटी डॉलर खर्च झाले आणि देशातली सर्वांत महागडी शाळा म्हणून त्याची चर्चा झाली. २०१३ मध्ये याच जिल्ह्याने प्रत्येक विद्यार्थ्याला आयपॅड देण्याची १.३ अब्ज डॉलरची योजना आखली आणि तिच्यासाठी रोख्यांचाच पैसा काढला. मुलांनी काही आठवड्यांत त्यातली बंधने मोडून काढली. खरेदी प्रक्रियेवर संशय आला, २०१४ मध्ये करार गुंडाळला गेला आणि अधीक्षकांनी राजीनामा दिला. तीन-चार वर्षांत जुने होणारे यंत्र पंचवीस वर्षांच्या कर्जावर घेणे म्हणजे ऋण काढून सण करणेच होते. हा धडा शिकायला चौकशीची गरज नव्हती.

सॅन डिएगोजवळच्या पोवे या सधन भागातील जिल्ह्याने तर वेगळीच करामत केली. तात्काळ करवाढ टाळण्यासाठी २०११ मध्ये त्याने असे रोखे विकले, की पहिली वीस वर्षे एक छदामही फेडायचा नाही. घेतलेले कर्ज साडेदहा कोटी डॉलरचे होते आणि २०५१ पर्यंत फेडायची रक्कम ९८ कोटींच्या आसपास होती. प्रकरण गाजल्यावर २०१३ मध्ये राज्याने कायदा केला. अशा रोख्यांची मुदत २५ वर्षांपेक्षा जास्त नको आणि एकूण परतफेड मुद्दलाच्या चौपटीपेक्षा जास्त नको, असे ठरले.

टेक्ससमध्ये वादाचा विषय बहुधा फुटबॉलची मैदाने असतो. डॅलसजवळच्या ॲलन येथे २००९ च्या रोख्यांतून ६ कोटी डॉलरचे १८ हजार आसनांचे मैदान बांधले गेले. ते एका हायस्कूलसाठी होते. २०१२ मध्ये ते उघडले आणि दोन वर्षांतच काँक्रीटला भेगा पडल्याने दुरुस्तीसाठी बंद करावे लागले. २०१९ पासून टेक्ससमधील शाळा-जिल्ह्यांच्या मतपत्रिकेवर ‘ही मालमत्ता करातील वाढ आहे’ असे ठळक छापावे लागते. कराचा दर प्रत्यक्षात वाढणार नसला तरी हे वाक्य चुकत नाही. मैदानासारख्या कामांसाठी स्वतंत्र प्रश्नही मांडावा लागतो.

पैसा कशावर खर्च होतो याला महत्त्व का, हे संशोधनातून दिसते. कॅलिफोर्नियात थोडक्यात मंजूर झालेले आणि थोडक्यात पडलेले प्रस्ताव ताडून पाहणाऱ्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मंजुरीनंतर परिसरातील घरांच्या किमती वाढल्याचे आढळले. अनेक राज्यांचा आढावा घेणाऱ्या अलीकडच्या अभ्यासाने त्यात भर घातली. हवेची यंत्रणा आणि घातक द्रव्ये काढून टाकणे यांवरच्या खर्चाने मुलांचे गुण वाढतात, पण घरांच्या किमती हलत नाहीत. क्रीडासुविधांवरच्या खर्चाने किमती वाढतात, गुण नाहीत. मुलांना उपयोगी पडणारी कामे छतावर आणि भिंतींच्या आत दडलेली असतात, तर मत मिळवणारी रस्त्यावरून दिसतात. मतदारांना विचारून शाळा बांधण्याच्या पद्धतीतली ही मूळ अडचण आहे. नागरिकांची समिती ती सोडवू शकत नाही, कारण समिती बसते तेव्हा यादी आधीच ठरलेली असते.

दुसरी अडचण विषमतेची. कॅलिफोर्नियातील संयुक्त जिल्ह्याला आपल्या हद्दीतील एकूण करपात्र मूल्याच्या अडीच टक्क्यांपर्यंतच कर्ज उभारता येते. सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्यांची मुख्यालये ज्या जिल्ह्यात आहेत, त्याला ही मर्यादा जाणवत नाही. शेतमजुरांच्या वस्तीच्या जिल्ह्यात मात्र सगळे मतदार होकार देऊनही एक शाळा धड उभी राहत नाही. शाळेचा पैसा स्थानिक मालमत्तेवर अवलंबून ठेवणे घटनाबाह्य नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये टेक्ससमधील रॉड्रिगेझ खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी दिला. तेव्हापासून हा लढा राज्यांच्या न्यायालयांत चालू आहे.

कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठच्या फ्रीमाँट, सनीव्हेल, क्युपर्टिनो या गावांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचा या मतदानाशी येणारा संबंध काहीसा एकतर्फी आहे. फ्रीमाँटने २०१४ मध्ये ६५ कोटी डॉलरचे रोखे मंजूर केले. ते फेडणाऱ्यांत कामाच्या व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेले घरमालकही आहेत, पण मताचा अधिकार फक्त नागरिकांना आहे. त्यातही नव्याने घर घेणाऱ्याचे करपात्र मूल्य आजच्या बाजारभावाने धरले जाते, तर शेजारच्या तशाच घरात १९८५ पासून राहणाऱ्याचे मूल्य दोन-दोन टक्क्यांनी सरकत आलेले असते. एकाच शाळेसाठी नवा मालक दरसाल काहीशे डॉलर भरतो आणि जुना त्याच्या काही हिश्श्यात सुटतो. मत द्यायचा हक्क मात्र त्या जुन्या मालकाकडेच असण्याची शक्यता अधिक.

महाराष्ट्रात मालमत्ता कराच्या बिलावर शिक्षण कराची ओळ असते, पण तो राज्याच्या १९६२ च्या कायद्याने ठरतो. जिल्हा परिषद शाळेच्या खोल्यांना पैसा समग्र शिक्षा, जिल्हा नियोजन समिती आणि आमदार निधी यांतून येतो, नाही तर गावकरी लोकवर्गणी काढतात. मराठवाड्यातल्या निजामकालीन शाळेच्या भिंती पाडून नव्या बांधाव्यात का, यावर गावाचे मतदान होत नाही. तिथे पाठपुरावा करायचा असतो.

कॅलिफोर्नियात स्थानिक रोख्यांच्या जोडीला राज्याचे रोखेही असतात. त्यातून मंजूर नूतनीकरणाच्या खर्चाचा साधारण ६० टक्के वाटा राज्य उचलते. मार्च २०२० मध्ये राज्याचा १५ अब्ज डॉलरचा प्रस्ताव पडला. त्याला योगायोगाने १३ हाच क्रमांक मिळाला होता, त्यामुळे १९७८ च्या करमर्यादेवर घाला येतोय असा अनेकांचा समज झाला असावा, असे समर्थकांचे म्हणणे होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये १० अब्ज डॉलरचा ‘प्रपोझिशन २’ मंजूर झाला आणि गरीब जिल्ह्यांसाठी राज्याचा वाटा ६५ टक्क्यांपर्यंत नेण्याची तरतूद झाली. निधीवाटप पूर्वीप्रमाणेच अर्ज येतील त्या क्रमाने होते. स्वतःचे अभियंते आणि सल्लागार पदरी असलेले जिल्हे या रांगेत पुढे असतात.