अक्षतांचा हिशेब

खानापूरच्या माझ्या भाचीने लग्नाच्या जुन्या मिनीडीव्ही टेपा कॉम्प्युटरवर उतरवल्या. दोन तासांचे २६ जीबी झाले. "मामा, एकाच डीव्हीडीत बसव की, पण क्वालिटी जायला नको." एका दुकानदाराने तर "क्वालिटी अजिबात न घालवता एचडी करून देतो" असं तिला सांगितलं होतं. ते शक्य नाही. टेपवरचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं. ते ताणलं तर मोठं होईल, पण कॅमेऱ्याने न टिपलेली जरीची नक्षी त्यात कुठून येणार?

कोऱ्या डिस्कवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं आणि कॉम्प्युटर ४.३८ दाखवतो, ती फसवणूक नव्हे. कंपनी हजाराने मोजते, कॉम्प्युटर १०२४ ने. एका बाइटचे आठ बिट, म्हणून ४.७ अब्ज बाइट म्हणजे ३७.६ अब्ज बिट. त्यांना दोन तासांच्या ७,२०० सेकंदांनी भागलं की सेकंदाला ५२ लाख बिट येतात. आवाज वगळून चित्राला सुमारे ५० लाख उरतात. टेपवर ते २.५ कोटी असतात, कारण तिथे प्रत्येक फ्रेम, म्हणजे चित्रणातलं एकेक स्थिर चित्र, स्वतंत्रपणे साठवलेली असते.

डीव्हीडीचं एमपेग-२ हे चित्र दाबून लहान करण्याचं तंत्र चित्राचे ८ गुणिले ८ ठिपक्यांचे चौकोन करतं. प्रत्येक चौकोनाचे ६४ आकडे होतात: पहिला सरासरी उजेडाचा, पुढचे ढोबळ आणि मग बारीक चढउतारांचे. हे गणित बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी नटराजन आणि राव यांच्यासह १९७४ मध्ये मांडलं. आता प्रत्येक आकड्याला भागून पूर्णांक करायचा. ४७ ला १० ने भागून ५ ठेवले, तर परत गुणल्यावर ५० मिळतात. ते ३ कायमचे बदलले. बारीक चढउतारांना मोठ्या संख्येने भागतात, म्हणून त्यातले बहुतेक शून्य होतात, आणि शून्यांची रांग थोडक्यात लिहिता येते.

शिवाय बहुतेक फ्रेम पूर्ण साठवतच नाहीत. आधीच्या किंवा पुढच्या फ्रेममधला कुठला तुकडा किती सरकला आणि काय फरक उरला, एवढंच लिहितात. मंगलाष्टकं चाललेली, कॅमेरा स्टँडवर, मध्ये अंतरपाट: बिट जवळजवळ लागतच नाहीत. मग "सावधान" झालं आणि अक्षता उडाल्या! शेकडो दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी. "हा तुकडा इथून तिथे गेला" असं सांगायची सोयच उरत नाही. अशा वेळी दर सेकंदाला ठरावीक बिट दिले तर एन्कोडर, म्हणजे चित्र दाबणारं सॉफ्टवेअर, भाजक वाढवतो आणि नवरीच्या चेहऱ्यावर चौकटी उमटतात. बेळगावच्या गणपती मिरवणुकीत गुलाल उधळला की हेच होतं.

यावर उपाय दोन फेऱ्यांचा. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर फक्त मोजतं की कुठला प्रसंग किती खाणार. दुसऱ्या फेरीत अंतरपाटाचे वाचलेले बिट अक्षतांना देतं. सरासरी ५० लाखच राहते, पण त्या क्षणी ९० लाखांपर्यंत जाता येतं. डीव्हीडीत चित्राची कमाल मर्यादा ९८ लाखांची आहे. वेळ जवळजवळ दुप्पट लागतो, म्हणून बरेच जण ही फेरी गाळतात. ती गाळू नये.

चित्रण तीन तासांचं असेल तर सरळ दोन डिस्क घ्या किंवा ८.५ जीबीची दुपदरी घ्या. आणि एकदा दाबलेली फाइल पुन्हा दाबू नका, कारण पूर्णांक करताना झालेली चूक पुन्हा वाढते. भाचीला मूळ २६ जीबी हार्ड डिस्कवर तसेच ठेवायला सांगितले.

काम रात्रभर चालू ठेवलं होतं. सकाळी डिस्क प्लेअरला लावून आधी "सावधान"पाशी आणली. तांदळाचे दाणे एकेक वेगळे दिसत होते.