ख्रिस्ती पंथांतील श्रद्धाभेद (ग्रामीण विदर्भ)

एकच बायबल आणि एकच ख्रिस्त मानणाऱ्या पंथांमध्ये संस्कार, तारण (पापापासून सुटका) आणि धर्माधिकार यांविषयी असलेले मतभेद. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हा त्रैक्याचा सिद्धांत, येशूचे देवपण, क्रुसावरचे मरण आणि पुनरुत्थान या गोष्टी विदर्भातल्या बहुतेक सर्व मंडळ्यांना मान्य आहेत. वाद सुरू होतो त्यानंतर. तो पुस्तकात शोधण्यापेक्षा बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी, भाकरीपाशी आणि कबरीपाशी पाहिला तर लवकर उमगतो.

इथल्या खेड्यात पंथ विचार करून निवडलेला क्वचितच असतो. तो बहुधा जिल्ह्यागणिक वाट्याला आलेला असतो. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन (बिशपऐवजी वडीलजनांच्या सभेने चालणारे प्रॉटेस्टंट). चांद्याकडे (आताचे चंद्रपूर) स्कॉटिश एपिस्कोपल, म्हणजे अँग्लिकन परंपरेतले, मिशन गेले, अकोला-अमरावतीकडे अलायन्स (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स), यवतमाळला फ्री मेथडिस्ट, वाशीम-बुलढाण्याच्या बाजूला नाझरीन. एकमेकांच्या मुलुखात शिरायचे नाही, असा प्रॉटेस्टंट मिशनांचा सर्वसाधारण रिवाज होता. आजोबा कोणत्या मिशनच्या दवाखान्यात किंवा शाळेत गेले, यावरून नातवाचा धर्मसिद्धांत ठरला, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. रोमन कॅथलिकांनी ही वाटणी मानली नाही. त्यांचा नागपूर धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) १८८७ चा, अमरावतीचा १९५५ चा. चंद्रपूर-बल्लारपूर भागात १९६२ पासून केरळातल्या सिरो-मलबार चर्चचे मिशन-क्षेत्र होते, ते १९७७ मध्ये धर्मप्रांत झाले. हे चर्च पोपलाच मानते, पण त्याची उपासना पूर्वेकडच्या सिरियन परंपरेतली आहे. लॅटिन कॅथलिकांचा उपवासकाळ राखेच्या बुधवारी सुरू होतो, यांचा त्याआधीच्या सोमवारी.

सर्वांत जास्त खटका उडतो बाप्तिस्म्यावरून. कॅथलिक, अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओततात किंवा शिंपडतात. कृपा आधी देवाकडून येते, समज नंतर आली तरी चालते, ही त्यामागची भूमिका. अलायन्स, बॅप्टिस्ट आणि पेंटेकोस्टल मंडळ्या म्हणतात, विश्वास आधी, पाणी नंतर. म्हणून बाळाचे फक्त समर्पण करतात, आणि जाणत्या वयात त्याला पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. नदीला पाणी असेल तर नदीत. वऱ्हाडातल्या चैत्र-वैशाखात ती आटली की हौदात. मेथडिस्ट व नाझरीन मधल्या वाटेचे. त्यांच्यात बाळाचा बाप्तिस्माही चालतो. पाणी आणि त्रैक्याचे नाव यांनी झालेला बाप्तिस्मा कोणत्याही पंथाचा असला तरी कॅथलिक चर्च तो पुन्हा देत नाही. बुडवून देणाऱ्या मंडळ्या मात्र बाळपणीचा बाप्तिस्मा बहुधा धरत नाहीत. सोयरीक जुळताना ‘पुन्हा पाण्यात उतरायचं का?’ हा प्रश्न निघतो तो यामुळेच.

यावर एक तोडगा नागपुरातच निघाला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च एकत्र येऊन तेथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. अँग्लिकनांबरोबर बॅप्टिस्टही त्यात आल्यामुळे बाळाचा आणि जाणत्याचा असे दोन्ही बाप्तिस्मे पर्याय म्हणून मान्य करावे लागले. अलायन्स, नाझरीन व फ्री मेथडिस्ट बाहेर राहिले.

भाकरीचा वाद जुना आहे. मिस्सेत (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) पवित्र केलेली भाकर आणि द्राक्षारस हे खरोखर ख्रिस्ताचे शरीर व रक्त होतात, ही कॅथलिकांची शिकवण. म्हणून उरलेली बेखमीर भाकर पेटीत जपतात आणि तिच्यापाशी दिवा तेवत ठेवतात. ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोघे धर्मसुधारक रोमच्या विरोधात होते, तरी १५२९ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला याच मुद्द्यावर त्यांचे एकमत झाले नाही. वऱ्हाडातल्या मंडळ्यांवर प्रभाव झ्विंग्लीच्या बाजूचा: प्रभुभोजन म्हणजे स्मरण. तिथे दारू वर्ज्य असल्याने पेल्यात द्राक्षांचा न आंबवलेला रस असतो, आणि खेड्यात काळ्या मनुका भिजवून काढलेल्या रसावरही भागते.

अधिकाराचा प्रश्न बायबलच्या पानांतच दिसतो. कॅथलिक बायबलात ७३ पुस्तके, प्रॉटेस्टंट बायबलात ६६. दहा आज्ञांची मोजणीही वेगळी आहे. ‘आपल्या आईबापांचा मान राख’ ही आज्ञा प्रॉटेस्टंट मुलाला पाचवी म्हणून पाठ असते, तर कॅथलिक मुलाला चौथी, कारण मूर्तींविषयीची आज्ञा कॅथलिक पहिलीतच धरतात. कॅथलिकांसाठी शास्त्राबरोबर परंपरा आणि पोपचा शब्दही प्रमाण. प्रॉटेस्टंटांचा शेवटचा निवाडा शास्त्राकडे.

तारण विश्वासाने की कर्माने, हा १५१७ पासूनचा, म्हणजे ल्यूथरने रोमला आव्हान दिले तेव्हापासूनचा, मोठा वाद. १९९९ मध्ये कॅथलिक व ल्यूथरन यांनी संयुक्त घोषणापत्र काढून तो पुष्कळसा निवळवला. विदर्भात त्याहून जिवंत आहे तो पवित्रीकरणाचा प्रश्न. अलायन्स, फ्री मेथडिस्ट आणि नाझरीन हे तिन्ही पंथ एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी पवित्रता-चळवळीतून आलेले. तारणानंतर अंतःकरण शुद्ध करणारी आणखी एक कृपा असते, असे ते शिकवतात. त्यामुळे नाझरीन आणि फ्री मेथडिस्ट सभासदत्वाच्या नियमात दारू-तंबाखू वर्ज्य आहे. पानठेल्यावर खर्रा घोटून घेणाऱ्या सभासदाची अडचण इथे थेट धर्मसिद्धांताला भिडते. कॅथलिक फादर खर्ऱ्याबद्दल रागावले तर तब्येतीसाठी किंवा संयमासाठी. सभासदत्वाचा प्रश्न त्यात नसतो.

मरियेला शेजारचे हिंदू कधीकधी ‘ख्रिश्चनांची देवी’ समजतात. ते कोणत्याच पंथाला मान्य नाही. कॅथलिक तिची पूजा करत नाहीत, तिची मध्यस्थी मागतात. ती कुमारी असताना येशू जन्मला हे प्रॉटेस्टंट मानतात पण मध्यस्थ एकट्या ख्रिस्ताला मानतात. सेवंथ-डे ॲडव्हेंटिस्ट शब्बाथ शनिवारी पाळतात, डुकराचे मांस खात नाहीत आणि मृत माणूस पुनरुत्थानापर्यंत निद्रिस्त असतो असे मानतात. पेंटेकोस्टल मंडळ्यांत पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषांत बोलणे आणि आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करणे यांवर भर. बरे करणारा ख्रिस्त ही शिकवण अलायन्सचीही आहे, फक्त तिथला आवाज हळू.

दोन नोव्हेंबरला कॅथलिक कबरींवर मेणबत्त्या लावून मृतांसाठी प्रार्थना करतात, कारण शुद्धिस्थानातल्या, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेल्या, आत्म्यांना ती उपयोगी पडते अशी त्यांची श्रद्धा. प्रॉटेस्टंट पाळक कबरीपाशी प्रार्थना करतो ती मागे राहिलेल्यांसाठी. दफनभूमी सामाईक असेल तिथे एकाच रांगेतल्या दोन कबरींवर या दोन वेगवेगळ्या प्रार्थना होतात.