डॉक्टरांनी निवडणूक लढवायची तर : पात्रता, अपात्रता आणि कागदपत्रे

शहरातील दवाखाने, प्रसूतिगृहे, पाणीपुरवठा, सांडपाणी आणि डासनिर्मूलन ही कामे महापालिकेकडे असतात, तर ग्रामीण भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषद चालवते. त्यामुळे रुग्ण तपासताना ज्या त्रुटी डॉक्टरला रोज दिसतात, त्या दूर करण्याचे अधिकार बहुतेक वेळा स्थानिक सभागृहात असतात. डॉ. बिधानचंद्र रॉय आधी कोलकात्याचे महापौर झाले आणि 1948 पासून 1962 पर्यंत पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री होते. स्थानिक संस्थेकडून राज्याकडे जाणारी ही वाट डॉक्टरांसाठी नवी नाही आणि अधिक डॉक्टरांनी ती धरावी, असे मनापासून वाटते. मात्र वैद्यकीय पदवीमुळे उमेदवारीला कोणतीही सवलत मिळत नाही. उलट शासनाशी किंवा महापालिकेशी असलेले वेतनाचे, मानधनाचे, कंत्राटाचे आणि थकबाकीचे संबंधच डॉक्टर उमेदवाराला अडचणीत आणतात. म्हणून महाराष्ट्रातील नियमांच्या आधारे प्रथम त्यांचाच विचार करू.

शासकीय सेवेतील वैद्यकीय अधिकारी, मग तो कायम असो, कंत्राटी असो वा बंधपत्रावर नेमलेला, सेवेत असताना निवडणूक लढवू शकत नाही. विधानसभेसाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद 191 मधील लाभाच्या पदाची, म्हणजे शासनाखालील आर्थिक लाभाचे पद धारण न करण्याची, अट लागू होते. शिवाय महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 कर्मचाऱ्याला राजकारणात भाग घेऊ देत नाहीत. येथे राजीनामा दिल्याची पोच दाखवून भागत नाही. राजीनामा मंजूर झाल्याचा आदेश आणि कार्यमुक्तीचे पत्र ही दोन्ही कागदपत्रे अर्ज भरण्यापूर्वी हाती असली पाहिजेत. विभागाकडून मंजुरी येण्यास लागणारा वेळ पाहता, निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर होण्याची वाट पाहून राजीनामा देणे धोक्याचे ठरते.

खासगी व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरला स्वतःचा दवाखाना सुरू ठेवून निवडणूक लढवता येते आणि निवडून आल्यावरही व्यवसाय करता येतो. परंतु महापालिकेच्या रुग्णालयात आठवड्यातून काही दिवस मानधनावर सेवा देणाऱ्या तज्ज्ञाने सावध राहावे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 10 नुसार महापालिकेशी असलेला करार किंवा नोकरी यांतील प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध, तो भागीदारामार्फत असला तरी, अपात्रतेस कारण ठरतो. मुंबईसाठी 1888 च्या स्वतंत्र अधिनियमातील कलम 16 पाहावे लागते. विधानसभेसाठीची तरतूद, म्हणजे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 मधील कलम 9अ, तुलनेने मर्यादित आहे. राज्य शासनाला माल पुरवण्याचा किंवा शासनाचे काम करून देण्याचा करार चालू असेल, तर ती आड येते. महापालिकेसाठी अपात्र ठरवणारा करार विधानसभेसाठी तसा ठरेलच असे नाही, हे लक्षात घेऊन आपला प्रत्येक करार त्या त्या कायद्याच्या शब्दांशी ताडून पाहावा आणि शंका असल्यास वकिलाचे लेखी मत घ्यावे.

वयाची अट सोपी आहे. महापालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद आणि पंचायतीसाठी 21, विधानसभेसाठी 25 आणि विधान परिषदेसाठी 30 वर्षे पूर्ण असावी लागतात. मतदारयादीबाबत मात्र डॉक्टरांची अनेकदा गफलत होते. मतदार म्हणून नोंद राहत्या पत्त्यावर होते, दवाखान्याच्या पत्त्यावर नव्हे. दवाखाना एका शहरात आणि घर दुसऱ्या शहरात असेल, तर जिथे रुग्ण ओळखतात तिथल्या महापालिकेची निवडणूक लढवता येत नाही, कारण स्थानिक संस्थेच्या उमेदवाराचे नाव त्याच संस्थेच्या यादीत असणे बंधनकारक आहे. विधानसभेसाठी राज्यातील कोणत्याही मतदारसंघातील नोंद चालते. मात्र ती दुसऱ्या मतदारसंघातील असल्यास यादीतील नोंदीची प्रमाणित प्रत सादर करावी लागते. स्थलांतर झाले असल्यास मतदारयादीतील पत्ता बदलण्याचा अर्ज, म्हणजे नमुना 8, वेळेत भरावा.

स्थानिक निवडणुकांसाठी आणखी काही अटी आहेत. 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या जन्मामुळे अपत्यांची संख्या दोनपेक्षा अधिक झाली असेल, तर ती अपात्रता ठरते; ही अट विधानसभेला लागू नाही. मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची थकबाकी नसल्याचा दाखला घेताना घराबरोबर दवाखान्याच्या गाळ्याचाही घ्यावा. दवाखान्यासाठी परवानगीविना केलेले वाढीव बांधकामही पुढे पद घालवू शकते. राखीव जागेसाठी जात प्रमाणपत्रासोबत वैधता प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच आणि विहित मुदतीत प्रमाणपत्र सादर करण्याचे हमीपत्र द्यावे लागते. महिला डॉक्टरांची वैद्यक परिषदेतील नोंदणी आणि जात प्रमाणपत्र पुष्कळदा माहेरच्या नावाने असते आणि मतदारयादीत सासरचे नाव असते. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत जोडावी.

विधानसभेचा अर्ज नमुना 2ब मध्ये भरतात आणि तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे सकाळी 11 ते दुपारी 3 या वेळेत दाखल करावा लागतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचे नाव सुचवणारा मतदार, पुरतो, तर अपक्षाला त्याच मतदारसंघातील 10 मतदार सूचक म्हणून लागतात. अनामत रक्कम 10,000 रुपये असून अनुसूचित जाती व जमातीच्या उमेदवारांसाठी ती 5,000 रुपये आहे. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते. पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवार असल्याचे पक्षाचे पत्र, अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 पूर्वी पोहोचला पाहिजे. निवडणूक खर्चासाठीचे स्वतंत्र बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडावे. अर्ज दिल्यानंतर आणि छाननीच्या तारखेपूर्वी राज्यघटनेनुसार शपथही घ्यावी लागते. ती राहिल्यास बाकी सर्व कागद बिनचूक असूनही उमेदवारी जाते.

सर्वाधिक वेळ द्यावा तो नमुना 26 मधील शपथपत्राला. ते नोटरी, शपथ आयुक्त किंवा प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर करावे लागते आणि त्यातील एकही रकाना रिकामा ठेवता येत नाही. माहिती नसेल तेथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहावे. पॅन, मागील पाच वर्षांच्या विवरणपत्रांतील उत्पन्न आणि स्वतःच्या, जोडीदाराच्या व अवलंबितांच्या मालमत्तेचा तपशील द्यावा लागतो. सोनोग्राफी यंत्रासाठी घेतलेले कर्ज दायित्वांच्या रकान्यात जाते. गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायद्याखालील खटला प्रलंबित असेल तर तो फौजदारी असल्याने दाखवावाच लागतो, तर ग्राहक आयोगापुढील भरपाईची तक्रार फौजदारी प्रकरणात मोडत नाही. मागील दहा वर्षांत प्राथमिक आरोग्य केंद्राच्या निवासस्थानात राहिलेल्या डॉक्टरने भाडे, वीज, पाणी आणि दूरध्वनीची बाकी नसल्याचे प्रमाणपत्रही जोडायचे असते. बदल्या अनेक झाल्या असतील, तर हा दाखला मिळवायला सर्वांत आधी सुरुवात करावी.

थेट निवडणूक नको असलेल्यांसाठी महापालिकेत स्वीकृत सदस्यत्वाची तरतूद आहे आणि त्यासाठीच्या 2012 च्या नियमांत पाच वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाचा स्पष्ट उल्लेख आहे. वैद्यक परिषदेचे चालू नोंदणी प्रमाणपत्र येथे खऱ्या अर्थाने उपयोगी पडते. व्यवहारात ही नावे सभागृहातील पक्ष व गटांच्या संख्याबळानुसार येतात. स्वीकृत सदस्याला सभेत मतदानाचा अधिकार नसतो, परंतु आरोग्याच्या विषयावर अभ्यासपूर्वक बोलण्याची संधी मोठी आहे.

प्रचारात डॉक्टरांनी दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. आचारसंहिता लागू असताना उमेदवाराने भरवलेले मोफत तपासणी व औषधवाटप शिबिर मतदारांना दिलेले प्रलोभन मानले जाऊ शकते, आणि लाच देणे हा लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 123 खाली भ्रष्टाचार आहे. दुसरी गोष्ट रुग्णांच्या नोंदवहीची. त्यातील नावे व मोबाइल क्रमांक उपचारासाठी विश्वासाने दिलेले असतात. 2002 च्या वैद्यकीय आचारविषयक नियमांनी गोपनीयतेचे जे बंधन घातले आहे ते निवडणुकीत शिथिल होत नाही, म्हणून ती यादी प्रचार कार्यालयाच्या हाती मुळीच पडू देऊ नये.

निकाल काहीही लागो, 30 दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करावा लागतो. तो विनाकारण न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पराभूत उमेदवारालाही हा नियम तितकाच लागू आहे.