अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

मोटर आली ती दोन पोत्यांत. एकात लांब उभा पाइप आणि त्याच्या तळाशी पंखा, दुसऱ्यात इंजिन, चेपलेली पेट्रोलची टाकी आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात सुटे नटबोल्ट. अर्जुनी मोरगावकडच्या एका गोदामात जुन्या जाळ्यांखाली ती कित्येक वर्षं पडून होती. कोणीतरी मुंबईहून आणली, इटियाडोह धरणाच्या पाण्यात थोडे दिवस फिरवली, बिघडली म्हणून खोलली आणि जोडायची राहून गेली, एवढाच तिचा इतिहास गावात सांगतात. टाकीवरची पुसट अक्षरं ओल्या फडक्यानं घासली तेव्हा नाव वाचता आलं: ब्रिटिश सीगल.

नावेच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायची ही मोटर. इंजिन वर, पंखा पाण्यात, मधल्या पाइपातून दांडा. मूठ धरून अख्खी मोटरच वळवायची, म्हणजे वेगळं सुकाणू लागत नाही. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडनं १९०९ पासून अमेरिकेत अशा मोटरी विकायला सुरुवात केली आणि हा प्रकार जगभर पोचला. सीगल १९३१ पासूनची, इंग्लंडची. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमारानंही ती घेतली होती. आमच्या हाती आली ती एका सिलिंडरची, टू-स्ट्रोक, ६४ सीसीची. लुनापेक्षा जरा मोठी म्हणा.

गावातले मिस्त्री आता फवारणीचे पंप आणि गवत कापायची मशीन दुरुस्त करतात. एके काळी त्यांचा हात राजदूतवर बसलेला. त्यांनी पोतं उलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "टू-स्ट्रोक हाय ना जी? मंग हे राजदूतची मावसबहीणच झाली."

मी शाळेत चाळीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण पाना धरायचा तो यांच्याकडूनच शिकलो. या मोटरनं आम्हां दोघांनाही एक गोष्ट दाखवली. धातू शाबूत होता. बिघाड होते ते सगळे धातूंच्या मधल्या फटींमध्ये. कुठे फट बुजली होती, कुठे वाढली होती.

पहिली फट बोल्टची. क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची इंजिनाची बंद पेटी, अॅल्युमिनियमचा, बोल्ट पोलादी. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि मध्ये ओल, म्हणजे छोटी बॅटरीच झाली. त्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. झिजून जो पांढरा भुगा होतो तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतो, आणि आट्यांमधली सगळी फट भरून टाकतो. जोर लावला की बोल्टाचं डोकं तुटून हातात येतं. (एक आलंच. त्याबद्दल आम्ही दोघं अजूनही एकमेकांकडे बोट दाखवतो.) बाकीच्यांना मिस्त्रींनी दोन दिवस डिझेल पाजलं आणि मग गॅसची ज्योत दाखवली. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. ८ मिलिमीटरचं भोक १५० अंशांनी तापवलं तर बोल्टाच्या मानानं ते साधारण ०.०१३ मिलिमीटर जास्त मोकळं होतं. केसाच्या जाडीचा पाचवा हिस्सा. तेवढ्यावर बोल्ट करकरला आणि फिरला.

खरी मजा करंटची झाली. आमच्याकडे ठिणगीला करंटच म्हणतात. प्लग काढून सिलिंडरला टेकवला, फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या जड चाकाला, दोरी गुंडाळून ओढली, तर प्लगच्या तोंडाशी बारीक जांभळट ठिणगी स्वच्छ दिसली. प्लग आत बसवला की मोटर मुकी. पंधरा-वीस वेळा दोरी ओढून मिस्त्रींचा खांदा भरून आला. "करंट तं हाय ना जी, तरी चालू होऊन नाही राह्यली!"

बाहेर दिसणारा करंट आत मरतो, कारण आतली हवा बाहेरच्यासारखी नसते. साध्या हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला विजेला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. प्लगची फट अर्ध्या मिलिमीटरची, म्हणजे बाहेर दोनेक हजारांत काम भागतं. पण पिस्टन वर येऊन तीच हवा पाच-सहा पट दाबतो, तेव्हा रेणूंची गर्दी होते. इलेक्ट्रॉनला वेग धरायला मोकळी वाट उरत नाही आणि तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. ठिणगीची वीज तयार करणारी आमची कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, तेवढे देत नव्हती.

या मोटरला बॅटरी नाही. फ्लायव्हीलमध्ये चुंबक बसवलेत. ते कॉइलपुढून फिरले की तारेत वीज तयार होते, फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलं तसं. या विजेचा दाब मात्र चुंबकीय क्षेत्र किती झपाट्यानं बदलतं यावर ठरतो. म्हणून प्रवाह भरात आला की पॉइंट, म्हणजे एकमेकांना टेकलेले धातूचे दोन छोटे ठिपके, उघडतात आणि तो तोडतात. प्रवाह असा सुखासुखी तुटत नाही, उघडत्या पॉइंटवरूनही उडी मारून चालू राहायला बघतो. त्या क्षणाला त्याला जायला जागा देतो तो कंडेन्सर. प्रवाह तिकडे वळतो, पॉइंटवर जाळ होत नाही, क्षेत्र एका झटक्यात कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट उभे राहतात.

आमचे पॉइंट काळे पडले होते, एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड. कंडेन्सर मेल्याची हीच खूण. मिस्त्रींनी डब्यातून स्कूटरचा कंडेन्सर काढून बसवला, पॉइंट पॉलिश पेपरनं घासले आणि फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घालून फट बरोबर अर्ध्या मिलिमीटरवर आणली. ठिणगी आता निळी आणि जाड दिसू लागली.

तरीही मोटर दोनदा फुरफुरली आणि बसली. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये येतं, आणि पिस्टन खाली येताना ते दाबून वर सिलिंडरमध्ये ढकलतो. म्हणजे क्रँककेस हा भात्यासारखा, आणि भाता फाटका असून चालत नाही. मिस्त्रींनी अंगठ्यानं दाखवलं. प्रत्येक ओढीला क्रँकच्या दांड्याजवळ, दांडा ज्यात फिरतो त्या ब्राँझच्या बुशाच्या कडेनं, पेट्रोलचे बारीक बुडबुडे येत होते. ऑइल सील बदलावं म्हणून शोधलं, तर तिथे सीलच नाही. जुन्या सीगलमध्ये ते काम तेलाकडे सोपवलेलं आहे. दांडा आणि बुश यांमधल्या फटीत दाट तेलाचा थर बसतो आणि तोच बूच होतो. म्हणून तर या मोटरी दहा भाग पेट्रोलला एक भाग तेल मागतात. आम्ही फवारणी पंपाच्या सवयीनं लिटरला ४० मिली टाकलं होतं.

"लिटरले शंभर मिली? धुराचा भट्टा लागंन जी!" मिस्त्री हसले, पण मापानं टाकलं. तिसऱ्या ओढीला मोटर लागली.

पाण्याविना ती मिनिटभरही चालवायची नसते, कारण सिलिंडर पाण्यानंच थंड होतो. म्हणून हे सगळं अंगणात, धान उकडायच्या ड्रममध्ये पाणी भरून चाललं होतं. पाणी वर चढेना तेव्हा नळीत तार घातली. आतून वाळलेल्या मातीचं अख्खं घरटं निघालं, कुंभारमाशीचं. पेट्रोलच्या कॉकमधला बुचाचा तुकडाही बदलला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि त्या काळातलं रबर नि बूच त्यात टिकेल यावर माझा भरवसा नाही. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. म्हणून काम झालं की टाकी रिकामी करायची, एवढा नेम आम्ही केला.

तलावावर नेली तेव्हा गावातले मासेमारी करणारे ढिवर काका डोंगा घेऊन आले. मोटरला क्लच नाही, त्यामुळे ती लागली की डोंगा लगेच पळतो. मिस्त्री दोरीसकट मागे बसले. इतक्या लहान इंजिनानं भरलेला डोंगा कसा ओढला, हे काकांना पटेना. उत्तर गिअरच्या पेटीत आहे. इंजिन भरभर फिरतं, पंखा सावकाश. सेकंदाला १० किलो पाणी १० मीटरच्या वेगानं मागे फेकलं, किंवा १०० किलो पाणी १ मीटरच्या वेगानं, तरी डोंग्याला धक्का सारखाच बसतो. पाण्याला दिलेली ऊर्जा मात्र पहिल्यात ५०० ज्यूल आणि दुसऱ्यात ५०. मोठा पंखा हळू फिरवण्यात फायदा आहे तो असा.

बुडालेल्या झाडाच्या खुंटावर पंखा एकदा दणकन आदळला. पुष्कळ मोटरींत अशा वेळी पितळेची मऊ पिन तुटते, म्हणजे गिअर वाचतो. इथे पिनेऐवजी स्प्रिंग आहे. ती पिळवटली, सुटली, आणि पंखा पुन्हा फिरू लागला. कोणी नीट विचार करून ठेवलेली गोष्ट आहे ती.

मागे वळून पाहिलं तर पाण्यावर इंद्रधनुष्याचा पट्टा पसरत आला होता. तेलाचा थर प्रकाशाच्या तरंगलांबीइतका पातळ झाला की त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे किरण एकमेकांत मिसळतात आणि रंग दिसतात. थर ०.३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरला तर एक मिलिलिटर तेल तीन चौरस मीटर पाणी झाकतं. लिटरमागचे शंभर मिली मला आठवले. त्यातलं सगळं काही जळत नाही.

काका बराच वेळ त्या रंगांकडे पाहत होते. "सर, अठीच शिंगाडे लावतो ना आम्ही," ते म्हणाले. मग त्यांनी मिस्त्रींना मोटर बंद करायला लावली, पंखा पाण्याबाहेर उचलून घेतला आणि वल्हं हाती घेतलं.