‘शुद्धीवर आला का?’ : या प्रश्नामागचा इतिहास

पुणे रस्त्यावरचा अपघात असो किंवा अक्कलकोटहून आणलेला पक्षाघाताचा रुग्ण, सोलापुरातल्या अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “शुद्धीवर आला का?” डोळे उघडले की आपण ‘जाग आली’ म्हणतो, आणि माणसं ओळखू लागला की ‘भानावर आला’. ‘शुद्ध’ या शब्दात दोन्ही येतं. जाग वेगळी आणि भान वेगळं, हे बोलण्यात सहज येत असलं तरी वैद्यकाला त्याची रुग्णांच्या बाबतीत नीट मांडणी करायला १९७२ साल उजाडलं.

त्याआधीचा वाद तत्त्वज्ञांचा. देकार्तने १६४१मध्ये जागा व्यापणारं शरीर आणि विचार करणारं मन अशी दोन द्रव्यं मानली. १६४३मध्ये बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने त्याला पत्रातून विचारलं, ज्या मनाला आकार नाही, स्पर्श नाही, ते हात कसा हलवतं? देकार्तने मेंदूतल्या पिनियल ग्रंथीकडे बोट दाखवलं. मेंदूतले बहुतेक भाग जोडीने असतात आणि ही एकटीच, एवढंच त्यामागचं मुख्य कारण. जागा सापडली, पण राजकन्येचा प्रश्न तसाच राहिला.

आपल्याकडे चार्वाकांनी दुसरं टोक धरलं होतं. किण्वात, म्हणजे आंबवण्याच्या द्रव्यात, नशा दिसत नाही, पण द्रव्यं एकत्र आंबवली की मद चढतो. तसंच पृथ्वी, पाणी, तेज, वायू ही चार भूतं एकत्र आली की चैतन्य उपजतं. विरोधकांचा आक्षेप खणखणीत होता : प्रेतातही तीच भूतं असतात, मग तिथे चैतन्य का नाही? हा आक्षेप पुढे व्हेंटिलेटरपाशी पुन्हा उभा राहिला.

प्रयोगशाळेतली गोष्ट जर्मनीतल्या येना इथून सुरू होते. हान्स बर्गरने १९२४मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विजेची नोंद घेतली आणि १९२९मध्ये ती छापली. डोळे मिटून स्वस्थ बसलं की सेकंदाला ८ ते १३ लहरी येतात, डोळे उघडले की त्या मोडतात. तरीही इंद्रियांकडून येणारी वर्दळ थांबली की झोप लागते, असंच बरेच जण मानत. १९४९मध्ये मोरुझ्झी आणि मॅगून यांनी हलक्या भुलीखालच्या मांजरांच्या मेंदूस्तंभातल्या, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या बुडाच्या भागातल्या, जाळीदार भागाला विजेचा सौम्य झटका दिला. डोळ्या-कानांच्या मुख्य वाटा न वापरताही आळसावलेल्या मोठ्या लहरी जाऊन जागेपणीच्या बारीक, जलद लहरी आल्या. जागेपणाला स्वतःची यंत्रणा आहे, हे दिसलं.

चार्ल्स शेरिंग्टनने त्याआधीच, जागा होणारा मेंदू म्हणजे जादूचा माग, अशी उपमा दिली होती : धोटे फिरत राहतात आणि नक्षी विणता विणताच विरत जाते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. मागावरच्या जॅकार्ड यंत्रणेत नक्षी ठरवणारे भोकांचे पत्ते असतात. पत्त्यावर भोक असेल तिथला ताणा (उभा धागा) उचलला जातो, मधून धोटा बाणा (आडवा धागा) ओढत जातो. एक पत्ता चुकीचा पडला तर चादरीवर तीच खोट प्रत्येक नक्षीत त्याच जागी येते. लाइट गेली तर अख्खा माग थांबतो. मेंदूतही बिघाड या दोन जातींचे असतात. मेंदूच्या पृष्ठभागातल्या ठरावीक जागी इजा झाली तर फक्त हालचाल दिसणं किंवा फक्त चेहरे ओळखणं जातं, माणूस बाकी भानावर असतो. मेंदूस्तंभाच्या वरच्या भागात छोटीशी इजा झाली तर सगळंच मावळतं. उपमा तुटते ती पुढे. चादरीवरचा मोर बघायला मागाबाहेर कोणीतरी असतं. मेंदूतला मोर कोण बघतं?

व्हेंटिलेटर आल्यावर हा प्रश्न खाटेशी येऊन ठेपला. १९५२च्या कोपनहेगनमधल्या पोलिओच्या साथीनंतर कृत्रिम श्वासाने रुग्ण दीर्घकाळ सांभाळता येऊ लागले. १९५९मध्ये पॅरिसच्या मोलारे आणि गुलों यांनी बेशुद्धीच्याही पलीकडच्या अवस्थेचं वर्णन केलं : हृदय चालू, मेंदू मात्र कायमचा बंद. १९६८मध्ये हार्वर्डच्या समितीने निकष मांडले. भारतात १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूस्तंभाचा मृत्यू हा मृत्यू मानला. त्यासाठी ४ डॉक्टरांचं मंडळ लागतं आणि चाचण्या किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा होतात. आधी गुंगीची औषधं, थंड पडलेलं शरीर, बिघडलेली साखर ही कारणं बाजूला काढावी लागतात. मग भरपूर ऑक्सिजन देऊन व्हेंटिलेटर सोडवतात आणि रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ६० मिलिमीटरच्या वर जाईपर्यंत छाती हलते का, ते पाहतात. यानंतरही हाताची बोटं किंवा पाय हलू शकतात. ती मज्जारज्जूची क्रिया असते, पण हे आधी सांगितलं नाही तर नातेवाइकांचा विश्वास तिथेच उडतो, आणि त्यात त्यांची चूक नसते.

१९७४मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी बेशुद्धी मोजायची साधी पट्टी दिली. आज ती डोळ्यांना ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ अशी १५ गुणांची आहे. किमान गुण ३. ८ किंवा कमी आले तर श्वासमार्ग धोक्यात आहे असं धरतात. पट्टी सोपी, पण चुका नेहमीच्याच. नुसती बेरीज लिहिली तर ८ म्हणजे नेमकं काय ते कळत नाही, म्हणून तिन्ही आकडे वेगळे लिहायचे. घशात नळी असेल तर बोलण्याचा गुण देताच येत नाही, तशी नोंद हवी. दोन्ही हातांचा प्रतिसाद वेगळा असेल तर चांगला धरायचा. आणि सोलापुरात खास सांभाळायची गोष्ट म्हणजे भाषा. घरी फक्त तेलुगू किंवा कन्नड बोलणाऱ्या आजींना मराठीत “हात वर करा” म्हटलं आणि त्या गोंधळून पाहत राहिल्या, तर हालचालीचा एक आणि बोलण्याचा एक गुण जातो. १५चे १३ होतात, मेंदूला मात्र काहीच झालेलं नसतं. घरचं माणूस जवळ उभं करून त्यांच्या भाषेत विचारलं की गुण परत येतात.

ही पट्टी मुख्यतः प्रतिसाद मोजते. भान आतल्या आत असेल तर ती मुकी होते. १९७२मध्ये जेनेट आणि प्लम यांनी डोळे उघडे, झोप-जागेचं चक्र चालू, पण भानाची खूण नाही, अशा अवस्थेला ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ (वनस्पतिवत अवस्था) हे नाव दिलं. २००६मध्ये एड्रियन ओवेनच्या गटाने अशाच निदानाच्या २३ वर्षांच्या तरुणीला स्कॅनरमध्ये टेनिस खेळत असल्याची, मग घरातून फिरत असल्याची कल्पना करायला सांगितलं. दोन्ही वेळा मेंदूचे वेगवेगळे भाग उजळले, निरोगी माणसांसारखेच. २०२४मध्ये छापलेल्या अभ्यासात आज्ञेला काहीच प्रतिसाद न देणारे २४१ रुग्ण होते. त्यातल्या ६० जणांचा मेंदू स्कॅनवर किंवा विजेच्या नोंदीत आज्ञा पाळत होता.

मग भान म्हणजे काय? बर्नार्ड बार्सने १९८८मध्ये मांडलेलं उत्तर गड्ड्याच्या यात्रेवरून समजतं. प्रत्येक दुकानदार आपापला धंदा करत असतो. माइकवरून मूल हरवल्याची घोषणा झाली की ती सगळ्यांना एकदम ऐकू जाते. मेंदूत जे माइकवर जातं तेवढंच भानात येतं. जुलिओ टोनोनीने २००४मध्ये भर दिला तो माहिती किती एकसंध जोडली आहे यावर. माणसाच्या सुमारे ८६०० कोटी चेतापेशींपैकी ६९०० कोटी लहान मेंदूत असतात. तरी त्याला इजा झाली तर तोल जातो, भान जात नाही. पेशींची नुसती संख्या कामाची नाही, हे त्यावरून पटतं. तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्सचा आक्षेप दोन्हींना लागू पडतो : यंत्रणा सगळी सांगून झाली तरी लाल रंग ‘दिसतो’ म्हणजे काय होतं, ते उरतंच. भानाची मेंदूतली खूण २५ वर्षांत सापडेल, अशी पैज मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कॉखने १९९८मध्ये त्याच्याशी लावली आणि २०२३मध्ये न्यूयॉर्कला हरल्याचं कबूल करून वाइनची पेटी दिली. त्याच वेळी दोन्ही सिद्धान्तांच्या समोरासमोरच्या परीक्षेचे निकाल आले. दोघांचीही काही महत्त्वाची भाकितं चुकली.

टोनोनीच्या सिद्धान्ताला शंभराहून अधिक अभ्यासकांनी जाहीरपणे छद्मविज्ञान म्हटलं. ते अतीच वाटतं, कारण त्याच विचारातून एक कामाची चाचणी निघाली : कवटीबाहेरून चुंबकाचा ठोका द्यायचा आणि उठणारा पडसाद, संगणकात फाइल दाबून लहान करतात तसा, किती आवळता येतो ते मोजायचं. सहज आवळला गेला तर भान नसण्याची शक्यता जास्त.

असं यंत्र प्रत्येक जिल्ह्याच्या गावी मिळत नाही. हातातला आरसा मिळतो. रुग्णाच्या चेहऱ्यासमोर १० ते १५ सेंटीमीटरवर धरायचा, नजर त्यावर आली की सावकाश उजवीकडे, डावीकडे, वर, खाली न्यायचा, प्रत्येक दिशेने दोनदा. बोट किंवा पेन फिरवलं तर न वळणारी नजर कधी कधी स्वतःच्या चेहऱ्यामागे वळते. एकदा पाहून निकाल द्यायचा नाही; दोन आठवड्यांत किमान पाच वेळा, गुंगीचं औषध उतरलेलं असताना आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी.