दीक्षा घेतली म्हणजे समाज सुटला?

‘जैन मुनी संसार सोडतात, मग शाळा आणि समाजसुधारणेशी त्यांचा काय संबंध?’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे.

असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण मुनींच्या मालकीची शाळा कुठे दिसत नाही. दिसणारही नाही. अपरिग्रहाच्या महाव्रतामुळे ते पैसा आणि मालमत्ता बाळगत नाहीत. पण उपदेश करायला आणि शिकवायला व्रताची आडकाठी नाही. चातुर्मासात चार महिने एकाच गावी मुक्काम असतो, प्रवचनं होतात. तिथे अनेक मुनींनी शिक्षण, व्यसनमुक्ती, हुंडा हे विषय लावून धरले. ऐकणाऱ्या श्रावकांनी, म्हणजे गृहस्थ जैनांनी, निधी जमवला, विश्वस्त नेमले, वसतिगृहं उभी केली. नंतर पायी विहार, म्हणजे तोच विचार पुढच्या गावी. काम उभं करून त्यावर हक्क न सांगण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते.

पडताळायचं असेल तर जुन्या जैन वसतिगृहाची कोनशिला वाचा. देणगीदारांबरोबर पुष्कळदा प्रेरणा देणाऱ्या मुनींचंही नाव असतं. त्याहून जुना पुरावा राजस्थानातल्या जेसलमेर आणि गुजरातमधल्या पाटणच्या जैन ग्रंथभांडारांत आहे. पोथी कधी लिहिली, कुणाच्या उपदेशावरून आणि कुणाच्या खर्चाने, हे तिथल्या अनेक हस्तलिखितांच्या शेवटी नोंदलेलं आहे.