धर्मादाय व स्वयंसेवी संस्थांचं अर्थसाहाय्य (महाराष्ट्र)

लोकांनी मिळून चालवलेल्या ना-नफा संस्थांना सरकार, कंपन्या आणि देणगीदार यांच्याकडून मिळणारा पैसा आणि तो मिळावा किंवा अडावा यासाठी केलेले कायदे, सवलती, धोरणं असा या नोंदीचा विषय आहे. संस्था, मंडळ, ट्रस्ट, न्यास, प्रतिष्ठान अशी नावं लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण कागदावर त्यांत फरक पडतो. महाराष्ट्रात बहुतेक स्वयंसेवी संस्थांची दुहेरी नोंदणी असते, एक १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली आणि दुसरी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याखाली, त्यामुळे अशा संस्थेच्या लेटरहेडवर दोन नंबर दिसतात, त्यातला ‘एफ’ ने सुरू होणारा धर्मादाय कार्यालयाचा. नुसता ट्रस्ट असेल तर ‘ई’.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काही अभ्यासक थेट पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना मिळणाऱ्या दक्षिणेपर्यंत मागे जातात. तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी सुरू केलेली श्रावणातली दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यात पर्वतीच्या रमण्यात (मोकळ्या आवारात) चालू ठेवली, आणि १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने ती एकदम बंद न करता त्या पैशातून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी आणि इतर काही सुधारकांनी अर्ज केला की यातला काही पैसा मराठी ग्रंथांसाठी द्या, त्यावरून पुण्यात बरंच वादळ उठलं, शेवटी दक्षिणा प्राइज कमिटी झाली आणि याच निधीतून फुल्यांच्या शाळांनाही मदत मिळाली. हा इतिहास मोलाचा आहे यात शंका नाही, पण दक्षिणा ही मुळात व्यक्तीला दिली जायची, संस्थेला नाही, त्यामुळे तिला आजच्या अनुदानाची आई म्हणणं थोडं ओढून ताणून वाटतं.

दुसरं मत १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यापासून सुरुवात धरतं आणि ते जास्त पटतं, कारण खासगी शाळेने काही अटी पाळायच्या, तपासणी होऊ द्यायची आणि त्या बदल्यात सरकारने खर्चाचा एक वाटा उचलायचा, ही अनुदानाची पद्धत त्यातून आली आणि तिचा गाभा आजही तोच आहे. अनुदान कोणाच्या पैशातून आणि कोणाच्या मुलांसाठी, हा प्रश्नही तेव्हापासूनचाच. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी स्पष्ट मांडलं की सरकारचं उत्पन्न शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या घामातून येतं आणि शिक्षणावर खर्च होताना ते वरच्या वर्गाकडे जातं. स्वयंसेवी क्षेत्राच्या पैशावर लिहिणाऱ्या कोणीही हे निवेदन बाजूला ठेवू नये.

१८६० च्या कायद्याबद्दलही असाच वाद. सत्तावनच्या उठावानंतर लोकांच्या संघटनांवर नजर ठेवायला इंग्रजांनी तो आणला असं अनेक ठिकाणी छापलेलं असतं. कायद्याचा मजकूर बघितला तर तो बराचसा इंग्लंडमधल्या १८५४ च्या साहित्यिक व शास्त्रीय संस्थांच्या कायद्यावर बेतलेला आहे, सात जणांनी मिळून घटना द्यायची, पदाधिकाऱ्यांची यादी वर्षाला द्यायची, एवढंच त्यात आहे, पाळत ठेवण्याची खास यंत्रणा त्यात सापडत नाही. तेव्हा उठावाशी थेट संबंध जोडायचा तर जरा सांभाळून.

पाळत म्हणा किंवा देखरेख म्हणा, ती खरी आली १९५० मध्ये. त्याआधी मुंबई प्रांतात १९३५ चा एक नोंदणी कायदा होता पण त्यात दम नव्हता, मग १९४८ मध्ये न्या. तेंडोलकर समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींनंतर मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा आला, धर्मादाय आयुक्त हे पद आलं. अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने, साधारण १९५२ पासून. विदर्भ-मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावर तिथेही साधारण १९६० च्या आसपास हाच कायदा लागू झाला, गुजरात वेगळा झाला तरी त्यांनीही तोच ठेवला. २०१२ पासून आपल्याकडे नावातला ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आला. गोव्याला हा कायदा नाही, तिथल्या देवस्थानांचा कारभार १९३३ च्या पोर्तुगीजकालीन नियमांनी महाजनांकडे (देवस्थानांच्या वंशपरंपरागत सभासदांकडे) आहे आणि बाकीच्या संस्था १८६० च्याच कायद्याखाली.

या कायद्यातला सगळ्यात किचकट पण समजून घेण्यासारखा भाग म्हणजे कलम ५८, म्हणजे ट्रस्टने आपल्या उत्पन्नातून सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था प्रशासन निधीला द्यायची वर्गणी, जिचा दर २ टक्के ठरला. फक्त शिक्षण किंवा फक्त वैद्यकीय मदत करणाऱ्या ट्रस्टना यातून सूट आहे. हा कर की फी, यावर प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य, मार्च १९५४. फरक वरवर शब्दांचा वाटतो पण त्याच महिन्यात मद्रासच्या शिरूर मठाच्या खटल्यात अशीच आकारणी कोर्टाने कर ठरवून रद्द केली होती, कारण तो पैसा सरकारच्या एकत्रित निधीत जात होता. मुंबईचा पैसा वेगळ्या निधीत जमा व्हायचा आणि देखरेखीच्याच कामाला वापरायचा होता म्हणून ती फी ठरली आणि टिकली. त्याच निकालात देवस्थानाचा पैसा मूळ धार्मिक हेतू सोडून दुसरीकडे वळवायची जी मुभा कलम ५५ मध्ये होती तिचा काही भाग मात्र कोर्टाने रद्द केला. पुढे २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने या वर्गणीच्या वसुलीला लगाम बसला. म्हणजे राज्याची रचना अशी की संस्थांना मदत करणाऱ्या खात्याआधी संस्थांकडून पैसे घेऊन त्यांचे हिशोब तपासणारं खातं उभं राहिलं, आणि याचा परिणाम आजही जाणवतो.

तो जाणवतो मुख्यतः बदल अर्जात, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत तो टाकायचा (कलम २२), आणि तो मंजूर होईपर्यंत नवीन लोकांची नावं धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीतल्या परिशिष्ट एकवर चढत नाहीत. त्यात संस्थेत दोन गट पडले की दोघांचे वेगवेगळे अर्ज, सुनावण्या, तारखा, आणि तोवर बँक सही मानायला कां कू करते, अनुदान देणारा परिशिष्टाची ताजी नक्कल मागतो, आणि काम करणारी माणसं पगाराविना बसतात. चांगल्या चाललेल्या संस्था यात अडकून पडतात, हे फार वाईट आहे आणि ते टाळता येण्यासारखं आहे.

केंद्राकडून थेट मदतीची मोठी सुरुवात ऑगस्ट १९५३ मध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळाने झाली, अध्यक्ष दुर्गाबाई देशमुख. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख तेव्हा अर्थमंत्री होते आणि दोघांचं लग्नही त्याच वर्षी झालं. १९८६ मध्ये ग्रामीण कामांसाठी ‘कपार्ट’ ही केंद्र सरकारची परिषद आली. २००७ मध्ये केंद्र सरकारने स्वयंसेवी क्षेत्राचं राष्ट्रीय धोरण मंजूर केलं, त्यात संस्थांची स्वायत्तता मान्य केलेली आहे, पण ते धोरणच आहे, त्याला कायद्याचं बळ नाही.

राज्यात सगळ्यात पसरलेलं नियमित अनुदान बहुधा ग्रंथालयांचं. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली गावोगावच्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग देऊन वर्षाला परिरक्षण अनुदान मिळतं, आणि विशेष म्हणजे ही वाचनालयं बहुतांशी स्थानिक संस्थाच चालवतात. प्रोजेक्टसाठी नाही तर संस्था चालू राहावी म्हणून मिळणारा हा पैसा आहे, आणि रक्कम तुटपुंजी असली तरी तत्त्व बरोबर आहे. बाकी ठिकाणी नेमकं हेच मिळत नाही.

१९६१ च्या आयकर कायद्यात संस्थेचं उत्पन्न माफ व्हायला कलम १२ए (२०२१ पासून १२एबी) आणि देणगीदाराला सूट मिळायला कलम ८०जी खाली नोंदणी. साधारणपणे उत्पन्नाचे ८५ टक्के त्या वर्षी कामावर खर्च करायचे. २०२१ पासून ही नोंदणी कायमची न राहता पाच वर्षांची झाली, २०२५ मध्ये लहान संस्थांसाठी १२एबीची मुदत दहा वर्षं केली. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला देणगीदाराची ही सूट मिळत नाही.

सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च, २०१४ पासून, ठरलेल्या मर्यादेपुढच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. मर्यादा म्हणजे ५०० कोटी नक्त मालमत्ता किंवा १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा. परदेशी पैशाचा कायदा १९७६ मध्ये आणीबाणीत आला, २०१० मध्ये नवीन झाला, आणि सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, एका संस्थेने दुसरीला तो पैसा देणं बंद झालं, आणि खातं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडायचं. आधी मोठी संस्था परदेशी निधी घेऊन तालुक्यातल्या छोट्या संस्थांना वाटायची, ती साखळी यामुळे तुटली. छोट्यांचं यात झालेलं नुकसान कुठल्याही हेतूने समर्थनीय वाटत नाही.

उलट दिशेची मदत, म्हणजे धर्मादाय संस्थांनीच गरिबांना द्यायची, १९५० च्या विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली येते. धर्मादाय हॉस्पिटलांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवायच्या. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यासाठी एकूण बिलाच्या २ टक्के वेगळ्या निधीत टाकायचे. पेशंटच्या नातेवाइकांनी प्रवेशाच्या वेळीच तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड दाखवून ही योजना मागावी.

नोंदणी नसलेल्या मंडळांनी, म्हणजे बहुतेक गणेशोत्सव आणि दहीहंडीवाल्यांनी, वर्गणी गोळा करायची तर त्याच कायद्याच्या कलम ४१ सी खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, ती जास्तीत जास्त सहा महिन्यांची असते आणि नंतर हिशोब सादर करावा लागतो.